साडभाऊंच्या सात काचा

आमच्या साडभाऊंनी माणसांना जितक्या जवळून पाहिलं तितकं उभ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या कोणी पाहिलं नसेल, आणि माणसांचे चेहरे त्यांच्याइतके कोणी विसरतही नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा, आमच्या ताईंचा, नवरा. मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्या तोंडी मी 'मास्तर'. वरवट बकालला घर, आणि सातपुड्याच्या अंगाला असलेल्या एका लहानशा दवाखान्यात तीस वर्षं लॅब टेक्निशियनची नोकरी. दवाखान्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण पुढे ते घेण्यासारखं राहणार नाही. बाजारात कोणी अगदी आपुलकीने 'जय भीम, साहेब' म्हटलं तर हे हात जोडायचे, हसायचे, आणि माणूस वळला की मला विचारायचे, "कोन होतं बे हे?" पण तोच माणूस चार पावलं जाऊन खोकला, की यांचा चेहरा उजळायचा. "हाव, हाव! हा तर मागच्या उन्हायात आल्ता. थुंकी आन म्हनलं तं नुसती लाळ देऊन गेल्ता गडी. दुसऱ्यांदा बोलावला तवा देला बेडका. काय बेडका होता, मास्तर!" चांगल्या बेडक्याचं वर्णन ते कुठेही करत. बहुतेकदा जेवणाच्या पंगतीत करत. आमच्या घरची मुलं त्यांच्या शेजारी बसावं लागू नये म्हणून आपसात भांडायची.

माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मी विहारासमोर पांढऱ्या कपड्यांत ताठ उभा, हातात हार, आणि एक उंच, किडकिडीत माणूस गर्दीतून सरळ माझ्यापुढे आला. मला वाटलं, अभिनंदन करतोय. त्याने अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली, आत पाहिलं, आणि माझ्या सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "रक्त बरं हाय. देऊन टाका पोरगी." फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. चिखलीच्या आमच्या घरात अल्बममधला तो एकच फोटो पाहुणे पुन्हा पुन्हा मागतात.

हरवलेली वस्तू शोधायची त्यांची रीत वेगळी होती. सूक्ष्मदर्शकाखाली काच जशी पाहतात, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीओळीने, एकही जागा न सोडता, तसंच ते अंगणही पाहत. एकदा ताईंचं कानातलं पडलं. यांनी खडूने अंगणात आडव्या रेघा आखल्या आणि उकिडवे बसून सरकू लागले. दहाव्या ओळीला ताई आतून ओरडल्या की कानातलं उशीच्या अभ्र्यात सापडलं. साडभाऊ उठले नाहीत. उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या. "सापडलं म्हनून थांबलो तं बाकीचं अंगन कोन पाहीन?" त्या बाकीच्या अंगणात त्यांना एक स्क्रू आणि धाकट्या मुलीचा दुधाचा दात मिळाला. दोन्ही त्यांनी काचेच्या बाटलीत जपून ठेवले.

आणि 'नाही' हा शब्द तर त्यांच्या तोंडून सहजी निघतच नसे. क्षयाच्या तपासणीत काचेवरच्या शंभर जागा पाहिल्याशिवाय जंतू नाही असं म्हणायचं नसतं, हा नियम त्यांनी सगळ्या आयुष्याला लावला होता. मोठ्या मुलीला एक स्थळ सांगून आलं, ते कोणालाच पसंत नव्हतं. पण साडभाऊंनी चौकशा करता करता आठ महिने काढले. तोवर त्या मुलाचं दुसरीकडे लग्न होऊन गेलं. पत्रिका आली तेव्हा म्हणाले, "आता म्हनू शकतो आपन, नाई म्हनून."

असा हा माणूस. याच्या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी एक यंत्र आलं. यंत्राबरोबर पुण्याहून एक इंजिनिअर मुलगी आली, नाव ऋचा. यंत्र दिसायला शिलाई मशीनच्या डब्याएवढं. आत सूक्ष्मदर्शक, त्याला कॅमेरा, आणि बाजूला कॉम्प्युटर. काच आत सरकवली की ते स्वतःच तिच्यावर जागोजागी फिरायचं. एकेका जागेचे थोडं वर, थोडं खाली असे दहा-बारा फोटो काढायचं, प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा उचलून त्यांचं एक स्वच्छ चित्र जोडायचं, आणि जंतू वाटेल तिथे पिवळी चौकट करायचं. साडभाऊ तिला पहिल्या दिवशी म्हणाले, "पोरी, तुह्या मशीनले चष्मा लागत नाई वाटते?" ती हसून म्हणाली, "काका, लागतो ना. तो आम्ही प्रोग्राममध्येच बसवलाय." दोघांचं चांगलं जमलं. तिला 'काऊन' म्हणजे 'का' हे कळायला आठवडा लागला, आणि त्यांना 'अय्या' म्हणजे आजार नाही हे कळायला दोन.

यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून ऋचाने जुन्या काचा मागितल्या, ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा. साडभाऊंनी मोठ्या दिमाखात वर्षभराचे डबे काढून दिले. पोरगी तीन दिवस काचा घालत होती. चौथ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "काका, सात काचांवर मशीन चुकतंय बहुतेक. तुम्ही निगेटिव्ह दिलेत, ते पॉझिटिव्ह म्हणतंय."

"सांगतलं होतं मी तुले," साडभाऊ म्हणाले, "रंगाचा दाग अन् जंतू यातला फरक कयाले तीस वर्सं लागते. दाखव."

तिने मोठ्या पडद्यावर चित्र उघडलं. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या चौकटीत बारीक, किंचित वाकलेली लाल काडी. पडद्यावर ती बोटाएवढी दिसत होती. साडभाऊ पुढे झाले. "दुसरी दाखव," म्हणाले. दुसऱ्या काचेवर तशाच दोन. तिसरी काच त्यांनी उभ्याने पाहिली नाही, स्टुलावर बसले. ऋचाने मला नंतर सांगितलं, की सातवी झाल्यावर त्यांनी तिला अगदी हळू विचारलं, "आजून हायेत?" ती नाही म्हणाली. तेव्हा म्हणाले, "सात सापडल्या. जुन्या काचांचा रंग उडून जाते. किती उडाल्या असतीन, थे तुही मशीन बी नाई सांगू शकत."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर्षभर त्यांना ठाऊक होता आणि वर्षभर त्यांनी तो लपवला. ऑपरेशनला गेलो तर लॅब बंद पडेल, दुसरा माणूस नाही, हे एक कारण, आणि ते खरंही होतं. दुसरं कारण त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसून सांगितलं, जेव्हा मी त्यांचं तोंड पाहू शकत नव्हतो. "मास्तर, दिसत नाई म्हनाची लाज वाटे."

दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, ही यंत्राची चाचणी आहे, अधिकृत तपासणी नव्हे, बाहेर कुठे बोलू नका. साडभाऊंनी मान हलवली, टेबलावर बसून आपल्या चुकीचं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं, डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं, रजिस्टरमधून सात नावं आणि सात गावं उतरवून घेतली आणि मला फोन केला. "मास्तर, शायेले सुट्ट्या लागल्या काय? गाडी घेऊन या. मले रस्ता दिसत नाई."

तो मे महिना मी विसरणार नाही. सकाळी आठलाच डांबर मऊ व्हायचं. डोक्याला दुपट्टे बांधून आम्ही निघायचो, मागे साडभाऊ, त्यांच्या मांडीवर थुंकीच्या डब्यांची पिशवी. पहिलं घर एका म्हाताऱ्याचं होतं. साडभाऊ ओसरीवर उभे राहून, पाठ केल्यासारखं बोलले, "बाबा, मी दवाखान्यातला तपासनारा. तुमाले टीबी हाय. मी नाई म्हनलं होतं. माह्यी चूक झाली."

म्हातारा खाटेवर उठून बसला. "थे तं मले तवाच माईत होतं. तुमी काचेत पाहे तं डोया असा बारीक करत होते. मी म्हनलं, याले काई दिसून नाई राह्यलं. अकोल्याले जाऊन तपासून आनलं मी. गोया बी संपत आल्या." आणि वर म्हणाला, "चहा घेता काय? तुमचीच तब्येत नाई बरी दिसत." परतताना साडभाऊ इतके हसले की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता मागे नुसताच श्वास ऐकू यायला लागला, तेव्हा मी वळून पाहिलं नाही.

दुसरी एक सून होती. सहा महिने तिला अंगारे-धुपारे चालले होते. घरच्यांशी साडभाऊ दोन तास बोलले, शेवटी सासूला म्हणाले, "तिच्यात काई भूतबीत नाई, माय. होतं थे माह्या डोयात होतं." तिला त्याच दिवशी जीपमध्ये घालून नेलं. आज ती बरी आहे. आणखी तिघं सापडले, औषधावर लागले. त्यातला एक पुढे पावसाळ्यात वारला. एक जण वीटभट्टीवर कुठे परमुलखात निघून गेला होता, तो आजतागायत मिळालेला नाही.

सातवं घर एका ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं. दाराशी त्याची बायको ज्वारी पाखडत होती, शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी. साडभाऊंनी त्याचं नाव घेतलं. ती सूप न थांबवता म्हणाली, "थे मरून तीन महिने झाले."

मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, आता निघावं, हिला सांगून काय मिळणार? पण त्यांनी हात सोडवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. आणि पाठ केलेलं ते सगळं वाक्य, शेवटपर्यंत, तिला म्हणून दाखवलं.

सूप थांबलं. ती म्हणाली, "थ्यो कागद घरी आनला तवा आमी पुरनाच्या पोयाचं जेवन केलं होतं. माईत हाय? टीबी नाई निंगाला म्हनून. थे मने, साधा खोकला हाय, जाईन. दवाखान्यात जा म्हनलं की थ्यो कागद काढून दाखवे मले." तिचा आवाज चढला नाही. "काऊन आले तुमी आता?"

साडभाऊ म्हणाले, "तुमी दोघी तपासून घ्या. घरातल्यायले लागन होते."

"जा तुमी," ती म्हणाली.

त्यांनी दोन डबे उंबऱ्यावर ठेवले आणि आम्ही निघालो. वरवट बकालला पोचल्यावर उतरले, आणि घरात जायच्या ऐवजी घराच्या मागे जाऊन बसले. ताईंनी ताट वाढलं, झाकलं, संध्याकाळी तसंच उचललं.

चौकशी झाली. नोकरी गेली नाही, पण त्यांना सूक्ष्मदर्शकासमोरून उठवलं आणि औषधांच्या कोठीत बसवलं. यंत्र कायमचं राहिलं, आणि ऋचाने ते चालवायला एका नव्या टेक्निशियन बाईंना शिकवलं. पावसाळ्यात साडभाऊंच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ताईंकडे पाहून म्हणाले, "तुहे केस कधी पिकले वं?" सगळे हसले. पण लॅबच्या दारातून ते त्यानंतर कधी आत गेले नाहीत. चहाचा कप द्यायचा असला तरी उंबऱ्यावरून देत.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्यासोबत दवाखान्यात सहज गेलो, तर बाकावर ती बाई बसलेली. ट्रॅक्टरवाल्याची बायको. शेजारी मुलगी, तोंडाला रुमाल, खोकत होती. साडभाऊंनी तिला ओळखलं नाही. मीच कानात सांगितलं. ते जागच्या जागी थांबले, मग जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. तिने पाहिलं आणि नजर वळवली. तासभर तिघंही तसेच बसून होते.

टेक्निशियन बाई कागद घेऊन बाहेर आल्या. "काही नाही निघालं. साधा खोकला आहे," म्हणाल्या.

ती कागद हातात धरून उभी राहिली. 'साधा खोकला' या शब्दांनी तिचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. ती साडभाऊंपाशी आली. कागद पुढे केला.

"मशीन म्हंते, नाई. तुमी काय म्हंता?"

"माह्यं काय, बाई," साडभाऊ म्हणाले, "मशीन चांगली हाय. माह्याहून लय चांगली हाय."

"मशीन माह्या दारी आली नोती," ती म्हणाली. "तुमी आल्ते. तुमी पाहा."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आत उभ्या टेक्निशियन बाईंकडे पाहिलं. त्या बाईंनी स्टूल मागे सरकवलं. ते उठले, उंबऱ्याशी चप्पल काढली आणि आत गेले. दाराच्या काचेतून त्यांची वाकलेली पाठ दिसत होती. एक हात जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या चकतीवर, तो फार सावकाश फिरत होता. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मुलगी आईच्या मांडीवर झोपून गेली. मी बाहेर जाऊन आलो, तरी पाठ तशीच.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"नाई," ते म्हणाले. "पोरीले टीबी नाई."

तिने मान हलवली. मुलीला उठवलं, तिच्या तोंडावरचा रुमाल सोडून आपल्या पिशवीत टाकला. 'बरं' म्हणाली की नुसताच श्वास सोडला, मला नीट ऐकू आलं नाही. एसटीला अजून वेळ होता. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली ती मुलीला घेऊन उभी राहिली, आणि तिच्यापासून दोन हात अंतरावर साडभाऊ. लांबून एसटी दिसली तेव्हा त्यांनीच पुढे होऊन हात दाखवला.