आतून लावलेलं ठिगळ

टाचणीबाई हे तिचं नाव नव्हे. ओठांत टाचण्या धरून ती माणसांशी बोलायची, म्हणून गल्लीने ते तिला चिकटवलं. बोलताना एकही टाचणी पडायची नाही. गारा पडल्या त्या दुपारीही टाचण्या तोंडातच होत्या, म्हणून तिला ओरडता आलं नाही. डोक्यावरचा सिमेंटचा पत्रा फुटला, शिलाई मशीनच्या चाकावर गार आपटली, आणि ती फक्त उठून उभी राहिली.

मग तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि वर पाहिलं. परातीएवढं भोक. त्यातून आभाळ अगदी निर्लज्जपणे आत डोकावत होतं.

खोलीत इस्पितळाच्या परिचारिकांचे पांढरे कोट होते. निम्मे शिवलेले, निम्मे अजून ताग्यातच. इतकं मोठं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. हे नीट गेलं तर दरवर्षी येणार, नाही तर पुन्हा चेन बदला, उंची कमी करा, कंबर सोडा. पांढऱ्या कापडाला डाग म्हणजे काम संपलं, एवढं इस्पितळाच्या भांडारवाल्याने तागा टेकवतानाच बजावलं होतं.

पत्रेवाल्याला फोन लावला.

"ताई, अख्खं गाव फुटलंय. उद्या येतो."

उद्या तो आला नाही, फोनही उचलला नाही. परवा त्याने फोन उचलला आणि म्हणाला, "तुमच्याच रस्त्यावर आहे." फोनमध्ये मागे कुणाच्या तरी छतावर हातोडी वाजत होती. ती दारात जाऊन उभी राहिली. रस्ता रिकामा होता.

"त्याला सांग, घरात म्हातारी सासू आहे," आतून सासूबाई म्हणाल्या.

"सांगितलं. त्याच्याही घरात आहे म्हणे."

"मग त्याच्या बायकोला विचार, ती सासूला कशी गप्प बसवते."

"मी तरी कुठे बसवू शकले तुम्हाला?"

सासूबाई यावर खूश झाल्या. पण भोक होतं तिथेच होतं. नवऱ्याचा ट्रक कुठल्या तरी दूरच्या नाक्यावर अडकला होता आणि फोनवर तो एकच गोष्ट सांगत होता : "ताडपत्री टाक." ताडपत्री गावातून संपली होती. हेही त्याला रोज नव्याने सांगावं लागायचं.

शेवटी तिने पदर खोचला. अंगणात जुन्या पाटीचा लोखंडी पत्रा पडला होता. टेबलावर स्टूल, स्टुलावर ती. भोकाखाली पत्रा धरला, तारेने वाशांना आवळला, कडेने डांबर फासलं. हात खांद्यापर्यंत काळे झाले. पण काम तिला आवडलं. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. फाटलेल्या जागी ठिगळ आतून लावायचं, कडा दुमडायच्या, वरून कळता कामा नये. पँटचा गुडघा असो की कोटाचं कोपर, तिचं ठिगळ कुणाला सापडलं नव्हतं.

संध्याकाळी पाऊस झाला. थेंबही आला नाही. सगळ्या खोलीत हीच जागा कोरडी राहिली, बाकी सांध्यांतून इकडेतिकडे टिपकत होतंच. म्हणून तिने शिवून झालेले कोट नेमके त्या पत्र्याखाली रचले.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा सर आली. ती मशीनवर होती. वर कुठेतरी तार करकरली. तिला वाटलं मांजर असेल. मग पत्र्याची एक बाजू खाली झुकली आणि भरलेली घागर उलटावी तसं गंजाचं लाल पाणी कोटांच्या ढिगावर कोसळलं.

ती धावली नाही. धावून काय करणार होती? ती वर बघत राहिली आणि तिला सगळं एकदम कळलं. कापडावर पाणी पडत नाही, छतावर पडतं. आतून लावलेल्या ठिगळाने पाणी अडवलं नव्हतं, साठवलं होतं. कालची सरही त्यातच होती.

"काय पडलं गं?" सासूबाई.

"माझी अक्कल."

"ती कधीच पडली होती. आत्ता काय पडलं ते सांग."

तिने लिंबू चोळलं, मीठ चोळलं. तांबडा डाग पिवळा झाला, जायचं नाव घेईना. भांडारवाला आला, त्याने एक कोट उजेडात धरला आणि परत त्याची घडी केली. रागावलाही नाही. रागावला असता तर ती भांडली तरी असती.

"राहिलेला तागा नेतो मी, मॅडम. दुसरीकडे देतो."

"कोरडा आहे तो. कपाटात होता. मी वेळेत देते."

"तुमच्यावर माझा राग नाही हो. पण छत असंय तुमचं." त्याने वर बोट दाखवलं, जणू तिला ते ठाऊकच नव्हतं. तागा खांद्यावर टाकून तो गेला.

त्याची रिक्षा वळली आणि गल्लीच्या तोंडाशी शिडी दिसली. शिडीखाली पत्रेवाला.

"म्हटलं होतं ना ताई, येतो म्हणून!"

तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. जे बोलायचं होतं ते सगळं जिभेवर तयार होतं. पण गावात हा एकच पत्रेवाला, आणि शिडी अजून भिंतीला टेकायची होती. तिने शिडीचा पाय धरला.

तो वर चढला, भोकातून खाली वाकून पाहिलं आणि हसला. "हा पत्रा आतून कुणी लावला?"

"तुम्ही नवा लावा."

तासाभरात छत धड झालं. खालची खोली कोरडी आणि कपाट रिकामं. हात पुसत तो म्हणाला, "पुन्हा गळलं तर लगेच फोन करा."

"करीन की. उचलणार कोण, तेवढं सांगून ठेवा."

तो पुन्हा हसला. तिची थट्टा आहे, असं त्याला वाटलं.