अक्कांची हाक

अक्कांनी जेवायला हाक मारली की चौबे कॉलोनीच्या दोन गल्ल्यांना ऐकू जायचं. फाटक धरून, मान वर करून त्या ओरडायच्या, "श्रीधरा, ऊटा माड बा!" म्हणजे, जेवायला ये. आम्हा पोरांना कानडी येत होती ती एवढीच, आणि तीही नक्कल करण्यापुरती.

अक्का धारवाडच्या, कॉलोनी पार छत्तीसगढात. यजमान रेल्वेत, माझ्या बाबांच्याच ऑफिसात. अख्खी कॉलोनी त्यांना 'मद्रासी' म्हणायची. "मद्रास मी अजून बघितलंसुद्धा नाही की," असं त्या हसून सांगायच्या, वर्षानुवर्षं सांगत राहिल्या, आणि कुणी मनावर घेतलं नाही. आम्ही नागपूरला निघालो की ज्वारी मागवायच्या, भाकरी थापायच्या आणि शेंगांची चटणी घेऊन आमच्या दारात उभ्या राहायच्या. मराठी त्या धारवाडाहूनच घेऊन आल्या होत्या, हिंदी इथे शिकल्या, दूधवाल्याशी 'हव, हव' करत छत्तीसगढीसुद्धा. त्यांचा एक शब्द शिकावा असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, आणि वर आम्ही स्वतःला मिळून-मिसळून राहणारे समजत होतो.

श्रीधर माझ्या वर्गात. आईशी भडाभडा कानडी बोलायचा. सहावीत असताना एका रविवारी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खडे भरले. अक्कांनी फाटकातून हाक मारली, मी डबा खडखडवला आणि शेवटचा 'बा' नाकातून लांबवत ओरडलो, "ऊटा माड बाऽऽ!" पोरं गडाबडा लोळली. श्रीधरही हसला. तो हसला होता, हे कारण मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला देत आलो.

त्या संध्याकाळी तो आईला म्हणाला, "अम्मा, बाहर ऐसे मत चिल्लाया करो." मग घरातही हिंदीच. हे आमच्या आईला कळलं तेव्हा तिनं माझा कान धरला. "काहून रे पोट्ट्या, तुले लाज नाही वाटत? त्या बाईनं तुयं काय बिघडवलं होतं?" डब्यासकट मला माफी मागायला पाठवलं. अक्कांनी खडे अंगणात ओतले, डबा धुतला, पुसला आणि कडबोळ्यांनी गच्च भरून परत दिला. "आता वाजव बघू," म्हणाल्या. मी कडबोळी खाल्ली आणि प्रकरण मिटलं असं समजलो.

मिटलं नव्हतंच. फाटकातली हाक त्या दिवसापासून बंद झाली. घरात त्या कानडीत विचारायच्या, श्रीधर हिंदीत उत्तर द्यायचा. तीस वर्षं. "त्याला कळतंय की सगळं. एक दिवस बोलेल," असं त्या सांगायच्या, आणि तेही मला! यजमान गेल्यावर तर घरात कानडीला कानडीत उत्तर देणारं कुणीच उरलं नाही. "थोडे दिवस धारवाडला जाऊन राहा," मी शहाजोगपणे सुचवलं. "तिथं सगळेच बोलतील रे," त्या म्हणाल्या, "मला याच्या तोंडून ऐकायचंय."

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. हिंदी गेली, मराठी गेली, कानडी तेवढी राहिली. श्रीधर भनपुरीतलं ट्रान्सपोर्टचं काम टाकून उशाशी बसायचा. तो हिंदीत बोलला की अक्का परक्या माणसाकडे बघावं तशा बघायच्या. जेवणही सुटत चाललं होतं. "यार, समझता सब हूँ, मुँह से निकलता नहीं," तो मला म्हणाला.

एका दुपारी गेलो तर तो वरणभाताचा चमचा हातात धरून बसला होता. ओठ हलत होते, मनातल्या मनात तालीम चालली होती. मग मोठ्यानं म्हणाला, "अम्मा, ऊटा माड बाऽऽ."

शेवटचा 'बा' नाकातून, लांबवलेला. ते अक्कांचं वाक्य नव्हतं, माझं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात ते माझ्याच चालीत राहिलं होतं. त्याला पत्ताही नव्हता, बिचारा आशेनं आईकडे बघत होता. अक्कांची नजर त्याच्यावरून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे आली. मग त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळवलं.

"गलत बोल दिया क्या?" श्रीधरनं मला विचारलं.

"नहीं यार," मी म्हणालो, "सही बोला."

चार दिवसांनी अक्का गेल्या. श्रीधरला मी अजून खरं सांगितलेलं नाही.