भिंतीला गादी

तेव्हा मला स्पूलच्या टेपरेकॉर्डरचा भारी नाद होता. नागपूरच्या घरात मागच्या खोलीत मित्रांची गाणी टेप करायची आणि बासरी-तबला त्यात जमवायचा. पण भिंती अशा घुमायच्या, की तंबोरा विहिरीत वाजतोय असं वाटे. शेवटी दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याला बोलावलं आणि भिंतींना ठोकायला पातळ गाद्या सांगितल्या.

"भिंतीले गादी? झोपन कोन भाऊ तिच्यावर, पाल?" तो पोट धरून हसला.

मग दिवसभर अंगणात कापूस पिंजत बसला. धनुष्यासारख्या धनुकलीची ताणलेली तात टणटणायची, त्याच्या भुवयांवर कापूस साचायचा. तो उगाच मोठ्यानं बोलायचा आणि माझं उत्तर ऐकताना ओठांकडे बघायचा.

संध्याकाळी शेवटची गादी ठोकून झाल्यावर मी दार लावलं. खोली एकदम मुकी झाली. मी खूश! तो मात्र मान तिरकी करून उभा राहिला. कानात बोट घालून हलवलं. मग दार उघडून बाहेर डोकावला. धनुकली अंगणात भिंतीला टेकून गप्प उभी होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मले वाटे, हे टुणटुण गल्लीतून येते," तो पहिल्यांदाच हळू बोलला. "थे तं माह्या डोक्यातच वाजून राहिली."

त्यानं धनुकली खांद्याला लावली. फाटकाबाहेर पडताच तात छेडली, आणि रस्त्यावर एकही गिऱ्हाईक नसताना पार वळणापर्यंत जोरजोरात छेडत गेला.