वाटेतली मूस

कॅनडाच्या उत्तरेत, जंगलातल्या बर्फवाटेवर एक मूस उभी होती. हरणाच्या कुळातली, घोड्याहून उंच मादी. पुढच्या स्नोमोबाइलवरच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवरच्या, वाटाड्या मार्थाबाईंनी हात वर करून इंजिन बंद केलं. मागे मी आणि माझे भावजी होतो; आम्हीही बंद केलं.

वीस मिनिटं गेली. "इंजिन जरा रेस करायला सांग त्यांना," भावजी कुरकुरले. "आपल्याकडे म्हशीसुद्धा हटतात."

मी निरोप पोचवला. मार्थाबाई म्हणाल्या, "घाबरली तर छातीभर बर्फात पळेल. अंगातली चरबी हिवाळा संपेपर्यंत पुरवायची आहे तिला. पोटात पिल्लूही असेल. आज दमली तर दोघंही जातील."

गाड्यांनी दाबून घट्ट केलेली वाट तिला चालायला सोपी होती, एवढंच. माणूस वाट पाडतो स्वतःसाठी. ती कोणाच्या उपयोगी पडेल, हे त्याच्या हातात नसतं.

"आणि हललीच नाही तर?" भावजींनी विचारलं.

"तर आपण परत जाऊ," मार्थाबाईंचं उत्तर मी त्यांना सांगितलं.

थोड्या वेळाने मूस पाय दुमडून वाटेतच बसली. मार्थाबाई उतरल्या आणि इंजिन सुरू न करताच गाडीची मागची बाजू उचलून वळवू लागल्या. भावजींनी हातमोजे घट्ट केले आणि दुसऱ्या बाजूने हात लावला.