त्रिंबक सुताराची उंच अक्षरं

केजचा त्रिंबक सुतार नांगर-तिफणी करी, पण तालुक्यात त्याचं नाव झालं ते लाकडी अक्षरांनी. नांदूरघाटच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या जाहिरातीचा कागद तोच काढायचा. शिसवीत कोरलेल्या अक्षरांना काजळी लावून एकेक उमटवायचा. ती अक्षरं जाडी, बसकी. गावाचं नाव संपायच्या आधी कागद संपे. म्हणून निजामाच्या राज्यातल्या फसली १३२८ साली, म्हणजे १९१८-१९च्या सुमारास, त्यानं सहा महिने खपून नवी अक्षरं कोरली. उंच, सडपातळ, एकमेकांना खेटून उभी राहणारी, दांडीच्या टोकाला नखाएवढे पाय असलेली. जत्रेआधी ती कुणाला दाखवायची नाहीत, असं त्यानं बायकोला, तुळजाबाईला, बजावलं होतं.

जत्रेला पंधरा दिवस असताना चावडीच्या भिंतीवर कागद दिसला: 'वेठ बंद करा.' अक्षरांचे ते नखाएवढे पाय त्रिंबकाच्या ओळखीचे होते.

"ठाण्याच्या अमीनसाहेबांनी उद्या सकाळी चावडीत याद केलंय," पोलीस शिपाई म्हणाला. "तालुक्यात अक्षरं कोरणारा तू एकलाच हायस बे."

घरी येऊन त्रिंबकानं नव्या अक्षरांची पेटी उघडली. अक्षरं जागच्या जागी होती. मात्र कधीच शाई न लागलेल्या 'व'च्या खाचेत काजळी होती.

मेहुणा बंकट परवाच येऊन गेला होता. त्याचे दोन्ही बैल वेठीत, दौऱ्यावरच्या सरकारी साहेबाचं सामान फुकट ओढताना मेले होते.

"तुझ्या बंकटनं पेटीला हात लावलता का?"

"माझा भाऊ कावून आठवला? त्याला वाचता तरी येतंय का?"

"मग या घरात कुणाला येतंय?"

तुळजाबाई भाकरी थापत राहिली. हाताला पीठ होतं, नखं काळी होती. सहा महिने अक्षरांना तेल लावताना ती एकेकाचं नाव विचारायची. त्यानं हसत सांगितलं होतं.

"मीच सांगते अमीनाला," ती म्हणाली.

"गप बस. बैल गेले, आता तू जातीस व्हय?"

सकाळी चावडीत अमीनानं फळी पुढं टाकली. "कोर 'व'. आमच्यासमोर."

अमीनाची नजर बोटांवर होती. त्रिंबकाचा हात आपोआप उंच रेघेकडं ओढ घेई. खोकल्याचं निमित्त करून तो पटाशी दुसरीकडं फिरवी. अखेर जाडा, बसका, बिनपायांचा 'व' निघाला. अमीनानं तो उमटवून भिंतीवरच्या कागदाशेजारी धरला. तेवढ्यात घराची झडती घ्यायला गेलेले शिपाई रिकाम्या हातानं आले. पेटी कुठं गेली, त्रिंबकालाही कळेना.

"इतकं भद्दं कोरतोस आणि लोक कारागीर म्हणतात तुला?"

"हात तेवढाच हाय, सरकार."

लोक हसले. अमीन हसला नाही. "जा. पण तसलं उंच अक्षर तालुक्यात पुन्हा दिसलं तर तुलाच धरीन."

तो घरी आला तेव्हा अंगणात शिसवीच्या धुराचा वास होता.

"पाणी तापलंय. अंघोळ करून घ्या," तुळजाबाई खाली मान घालून म्हणाली.

चुलीतून अर्धा 'ळ' बाहेर आला होता. त्रिंबकानं तो आत सारला.

जत्रेच्या कागदावर पुढं त्याच्या हयातभर जाडीच अक्षरं राहिली. आणि भिंतीवर कुठलाही नवा कागद दिसला की तो वाचायच्या आधी त्रिंबक घरी येऊन तुळजाबाईची नखं बघे.