आईनं पाहिलेला पहिला सामना

कोल्हापूरच्या स्टँडवर पुण्याची पहाटेची गाडी लागली होती. आप्पा, माझे वडील, मला तिथल्या टेनिस अकॅडमीत सोडायला येणार होते, ते जागा धरून बसले. आई खालीच थांबली. मी तेरा वर्षांची. आईनं खिडकीतून हात आत घालून माझी वेणी सारखी केली आणि म्हणाली, "जा, खेळून ये." गल्लीत खेळायला निघाले की म्हणायची, अगदी तसंच. मी आता एकतीस वर्षांची आहे आणि अजून खेळतेच आहे.

आमचं घर जयसिंगपूरचं. आप्पांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. कोल्हापुरातल्या एका क्लबात मातीच्या कोर्टांवर पाणी मारायची मोटार सारखी बिघडायची, तेव्हा आप्पा मला स्कूटरवर पुढं उभं करून घेऊन जायचे. ते मोटार खोलायचे, मी कुणाची तरी जुनी रॅकेट घेऊन भिंतीवर चेंडू मारत राहायचे. तिथल्या कोचनी एकदा आप्पांना सांगितलं, पोरीचा हात चांगला आहे. आप्पांना टेनिसमधलं काही कळत नव्हतं. पण लेकीचं कुणी कौतुक केलं की ते खरं मानायचं, एवढं त्यांना पुरे होतं.

पुण्यात मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो' म्हणतात. मी महिन्याभरात 'येते, जाते' शिकले. जेवणाचं मात्र जड गेलं. आम्ही जैन, घरी दिवस मावळायच्या आत ताटं घासून झालेली असत. अकॅडमीत सराव संपायलाच अंधार व्हायचा, मग मेस उघडायची. काही दिवस मी उपाशीच झोपले, मग जेवायला लागले. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "उपाशी ऱ्हाऊ नको. तुझ्या वाटचं मी पाळतो." तेव्हापासून दिवस मावळल्यावर ती पाणीसुद्धा पीत नाही.

पुढचं तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात त्यांना नव्यानं सांगायला नको. फक्त तुमच्या ऑफिसच्या जागी माझं कोर्ट. तुर्कस्तानातलं अंताल्या, ट्युनिशियातलं मोनास्तिर, बँकॉकच्या बाहेरचं कुठलं तरी रिसॉर्ट. हॉटेलातल्या खोल्या सगळ्या सारख्याच. जाग आल्यावर बाथरूम कुठल्या बाजूला आहे हे क्षणभर आठवत नाही. टीव्हीवर दिसावं इतकं माझं रँकिंग कधी वर गेलं नाही, आणि खेळ सोडून द्यावा इतकं खालीही आलं नाही. सोमवारी मुख्य स्पर्धेआधीच्या क्वालिफाइंग फेरीत हरायचं, मंगळवारी खांद्याला बर्फ लावून पुढच्या गावाचं तिकीट बघायचं. समोरच्या खुर्च्यांवर बहुतेक वेळा फक्त प्रतिस्पर्धी मुलीची आई. माझी नसायची, आणि त्याचं मला बरंच वाटायचं. घरून फोन आला की मी "मजेत" म्हणायचे. जयसिंगपुरात माझी ओळख 'विमानातनं फिरणारी पोरगी' अशी होती. ती मोडायचा मला कंटाळा यायचा.

मग गेल्या हिवाळ्यात त्याच कोल्हापूरच्या क्लबात महिलांची स्पर्धा भरली. माझं रँकिंग घसरत होतं, खांदा दुखत होता. ही शेवटची, असं मनाशी ठरवून मी नाव दिलं. फाटकावरच्या माणसानं मला अडवून सांगितलं, "पावणं, बघणाऱ्यांची एंट्री पलीकडनं हाय." हातातली रॅकेटची बॅग बघूनही तो मला कुणाची तरी मावशी समजला असावा.

पहिल्याच फेरीत माझ्यासमोर सानिका नावाची सोळा वर्षांची मुलगी आली. कोल्हापूरचीच, त्याच क्लबात शिकलेली. सगळा क्लब तिच्या बाजूनं. तिनं पॉइंट घेतला की "आता सोडू नको की!" अशी आरोळी यायची, मी घेतला की चार टाळ्या. त्यांचं चुकत नव्हतं. तिला ते रोज बघत होते, मला कुणी बघितलंच नव्हतं. गर्दीत आप्पा होते, आणि त्यांच्या शेजारी, पदर डोक्यावर घेऊन, आई. मी व्यावसायिक खेळाडू झाल्यापासून ती पहिल्यांदाच सामना बघायला आली होती.

तिसऱ्या सेटमध्ये माझ्या पोटरीत गोळा आला. दोन गेममधल्या विश्रांतीत मी टॉवेल तोंडावर धरून बसले, कारण मला रडू येत होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं. कसाबसा तो सेट मी काढला आणि सामना जिंकले. सानिका जाळीपाशी आली तेव्हा रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाकावर येऊन बूट सोडायला गेले तर वाकता येईना. आई कधी आत आली कळलं नाही. तिनं खाली बसून नाड्या सोडल्या, मोजे काढले. माझी काळी पडलेली नखं, टाचांच्या भेगा ती बघत राहिली.

"दर टायमाला असंच असतंय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "व्हय."

"आणि मला मजेत म्हणून सांगत हुतीस."

आप्पा मागं उभे होते. आईनं माझे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि ती ते चेपत बसली. क्लबातली माणसं बघत होती. एवढ्या वर्षांत कोर्टावर मला पहिल्यांदाच कसली घाई नव्हती.

दुसऱ्या फेरीत मी हरले. खेळ सोडेन असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पण आई म्हणाली, सोडायचं तर सोड, माझ्यासाठी म्हणून सोडू नको. घरी पडून राहिले, भाकरी-आमटी खाल्ली, उन्हाळा सरता सरता परत निघाले. हे लिहिते आहे ते अंताल्यातून. बाहेर प्रॅक्टिस कोर्ट ओलं आहे, सगळ्या मुली छपराखाली वाट बघत बसल्या आहेत.

जयसिंगपुरात आता माझं असं थोडंच उरलं आहे. कपाटाचा एक कप्पा, तोही भाच्यांच्या खेळण्यांनी भरलेला. कुणी घर कुठं विचारलं की मी पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटचा पत्ता देते. पण हल्ली आई फोनवर जिंकलीस का विचारत नाही. पाय कसे हायत, विचारते. मी म्हणते, दुखतायत. ती बरं म्हणते आणि फोन ठेवत नाही. मग दोघी तशाच थोडा वेळ गप्प राहतो, आणि तेवढा वेळ मी घरी असते.