रंगाखालचा गंज

सरकारतर्फे गॅसच्या नळ्या तपासायला मी पांढुर्ण्यात फिरत होतो. एका निवृत्त शिक्षिकेच्या मोरीमागची नळी ताज्या रंगाने चकाकत होती. ती खरवडली, तर गंजाचे पापुद्रे निघाले. नियमाप्रमाणे गॅस लगेच बंद करायचा होता.

"भाऊ, पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. दोन घंटे थांबा न!" बाई म्हणाल्या.

वाईट वाटलं, पण मी कॉक बंद केला. बाई मला नाही नाही ते बोलल्या. मग मीच शेजारणीकडे शेगडी मागायला गेलो.

"शेगडी कायले? सैपाक माह्याच घरी करा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नळी काढताना मिस्त्रीच्या हातातच मोडली. बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या.

"काल तुमाले लय बोलली मी," त्या हळूच म्हणाल्या.